सुकटीचं देणं

तळवलीत माझ्या नावावर एक देणं आहे. त्यातलं पैशाचं होतं ते फेडून झालं, त्याचा हिशेब वहीत आहे. उरलेल्याला वही नाही. घेणेकरी दोघी आहेत. एक म्हातारी आगरी बाई, जिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहिलो. आणि दुसरी तिच्या जिन्याखाली सापडलेली मांजर. दोघींपैकी एकीनंही कधी तगादा लावला नाही, म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. तगादा लावणाऱ्याचं देणं देऊन मोकळं होता येतं.

तळवली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घणसोली आणि रबाळे या दोन स्टेशनांच्या मधलं हे गाव. एका अंगाला रेल्वे आणि ठाणे-बेलापूर रस्ता. रस्ता ओलांडला की एमआयडीसीची धुराडी. दुसऱ्या अंगाला सिडकोचे आखीव सेक्टर, त्यांच्याही पलीकडे तिवरं आणि खाडी. सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी 1970 साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, राहिलं ते गावठाण. मग गावठाणात ज्याला जसं जमलं तसे त्यानं मजले चढवले. आज तिथल्या काही गल्ल्यांतून छत्री उघडून जाता येत नाही. खोल्या भरतात त्या एमआयडीसीतल्या माणसांनी. मीही त्यांतलाच. रबाळ्याच्या एका कारखान्यात तयार मालाचे नमुने तपासायचं काम होतं, तळवलीहून पायी जाता येत होतं, एवढ्यावर खोली ठरली.

घर म्हणजे तळमजला आणि वर एक मजला. खाली आजी, वर मी. आजींचे यजमान खाडीत मासेमारी करायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं जाळं माळ्यावर गुंडाळून ठेवलेलं होतं. मुलगा सेक्टरात राहायचा, जमीन गेलेल्यांसाठीच्या साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडावरच्या इमारतीत. तो दर रविवारी यायचा आणि आईला घेऊन जायची भाषा करायचा. आजी ऐकून घ्यायच्या आणि त्याला जेवायला वाढायच्या.

मी कराडकडचा. आमच्या घरी वडिलांचा एकच धाक होता: कुणाचं मिंधं व्हायचं नाही. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे. आमच्या घरी मात्र त्या रीतीला सावकारी वळण लागलेलं होतं. वाटी आली त्याच दिवशी परत गेली पाहिजे, आणि आली त्यापेक्षा जड गेली पाहिजे. तळवलीतही मी तेच चालू ठेवलं. आजींनी निवट्यांचं कालवण वर पाठवलं की संध्याकाळच्या आत मी डझनभर केळी नाहीतर अंडी खाली ठेवून यायचो. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे. मी ते तिथेच पहिल्यांदा खाल्ले. त्यांची चव सांगायच्या भरीस पडत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. काही दिवस आजींनी हे चालू दिलं. मग एकदा अंडी तशीच परत आली, बरोबर प्रश्न : "मी काय उधारी दिलती?" त्यांची आगरी बोली मला धड लिहिता येत नाही. कानाला लागली तशी लिहितो आहे, आगरी वाचकांनी सांभाळून घ्यावं.

2019 च्या पावसाळ्यात एका भटक्या मांजरीनं आजींच्या जिन्याखाली पिल्लं घातली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. तिनं दोन पिल्लं एकामागून एक उचलून कुठेतरी नेली आणि तिसऱ्यासाठी ती आलीच नाही. दोन दिवस वाट पाहून आजींनी ते पिल्लू बाहेर काढलं. पाच-सहा आठवड्यांचं असेल. करडे पट्टे, त्याखाली फासळ्या, आणि दोन मोठे कान. आजी म्हणाल्या, "ही त सुकट हाय." नाव तिथेच पडलं. पुढे ती चांगली गुटगुटीत झाली तरी नाव कुणी बदललं नाही.

सगळे म्हणत होते दूध पाजा. आजींनी दूध दिलं नाही. गाई-म्हशीच्या दुधानं पिल्लाचं पोट जातं, हे त्यांना कुणा डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं. घरात भात साठवायचे त्या काळापासून मांजरं पाहिलेली, त्यातून आलेली ती माहिती. मांदेली उकडायची, काटे काढायचे, बोटांनी चुरून तेच पाणी घालून द्यायचं. खाऊन झालं की पिल्लू पदरात आणि आजी तांदूळ निवडायला बसलेल्या. मांजराच्या पिल्लाला दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या काळात माणसाच्या हाताची सवय झाली तर ते पुढे माणसाला बुजत नाही, असं प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे सांगतात. आजींच्या हाती ते पिल्लू त्या काळाच्या अगदी शेवटाला लागलं. तांदूळ निवडणं हा त्यावरचा उपाय असेल असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण माझ्या डोळ्यांदेखत तो लागू पडला.

आता मुद्द्यावर येतो. मांजराला फेकलेली वस्तू परत आणायला शिकवता येतं का?

सुकट पाच-सहा महिन्यांची असताना माळ्यावर चढायला लागली. जाळ्याची वरची दोरी पाण्यावर तरंगती राहावी म्हणून तिच्यात हलके गोळे ओवलेले असतात. आजोबांच्या जाळ्यातले काही सुटून माळ्यावर पडले होते. त्यातला एक, लिंबापेक्षा लहान, उन्हानं आणि मिठानं पिवळट पडलेला, तिनं तोंडात धरून जिन्यानं वर आणला आणि माझ्या दारात टाकला. रात्री उशिराची वेळ. तोंडात काही धरून मांजर जो आवाज काढते तो ज्यांनी ऐकलेला नाही त्यांनी झोपेत ऐकू नये. घशातून येणारा, घुमा, लांबलचक. मी दार उघडलं, गोळा उचलला आणि पीडा जावी म्हणून जिन्यावरून खाली भिरकावला. टक, टक, टक करत तो पायऱ्या उतरला आणि त्याच्यामागे ती उतरली. मी दार लावून आडवा होतो न होतो तोच पुन्हा तो घुमा आवाज. मी गोळा फेकून दिला होता. तो आपल्यासाठी फेकला आहे असं तिनं ठरवलं होतं. तिचंच ठरवणं टिकलं.

असं अधूनमधून चालायचं. तिच्या मनात आलं तर आणायची, नाहीतर गोळा समोरून घरंगळत गेला तरी मान वळवायची नाही. शिफ्टच्या धबडग्यात मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. मग 2020 चा मार्च आला. लोकल थांबल्या, 25 तारखेपासून सगळा देश घरात बसला, कारखान्याचं फाटक बंद झालं. ठाणे-बेलापूर रस्त्याचा आवाज, जो तळवलीत चोवीस तास कानात असतो, तो एकदम गेला. माझ्याकडे वेळच वेळ झाला आणि प्रयोगशाळेतल्या माणसाला वेळ मिळाला की तो वही काढतो. मी ठरवलं, हिला रीतसर शिकवायचं.

यातली विद्या नवी नाही, आणि गंमत म्हणजे तिची सुरुवात मांजरापासूनच झालेली आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1898 साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी तो भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या खोक्यात बंद करायचा आणि बाहेर खाऊ ठेवायचा. खोक्याचं दार उघडायला आत एखादी दोरी किंवा कळ असायची. मांजर आधी सगळीकडे नखं मारायचं, कुठेतरी धक्का लागून दार उघडायचं, आणि पुन्हापुन्हा आत ठेवलं की फुकटची धडपड कमी होत होत ते थेट दोरीच ओढायला लागायचं. ज्या कृतीचं फळ चांगलं ती टिकते, बाकीच्या गळतात. आज कुत्र्यामांजरांना शिकवताना टिक वाजवणारी डबी वापरतात, तीही याच पायावर उभी आहे : हवी ती गोष्ट घडली त्याच क्षणी टिक, आणि टिकमागून लगेच खाऊ. टाळेबंदीत तसली डबी कुठून आणणार? माझ्या खिशात बटणाचं बॉलपेन होतं. त्यानं काम भागलं.

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी इथे जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, वस्तू तिच्या पसंतीची. टाळेबंदीच्या आधी मी ऑनलाइन मागवलेला घुंगराचा चेंडू आणि पिसांचा उंदीर तिनं हुंगून सोडून दिला होता. तिला तो जाळ्यातला गोळाच हवा. मी तो साबणानं स्वच्छ धुतला, तर तोही तिनं टाकला. आजी हसल्या. तो गोळा त्यांनी रात्रभर जवळ्याच्या डब्यात ठेवला आणि सकाळी मला दिला. पुढचे कित्येक दिवस माझ्या खोलीला सुक्या जवळ्याचा वास होता आणि सुकट कामाला हजर होती. मांजराचं जग नाकावर चालतं हे मला पाठ होतं; ते वापरायचं कसं हे आजींना सुचलं.

दुसरी गोष्ट, वेळ. उजाडताना आणि दिवेलागणीला मांजर आपसूक शिकारीच्या तयारीत असतं. जेवण व्हायच्या आधी बसायचं. पाच-सात मिनिटं पुरे, आणि तिला कंटाळा यायच्या आत आपणच थांबायचं. जागा लांबट, अरुंद आणि एका टोकाला बंद असलेली बरी. आमचा वरचा बोळ अगदी तसा होता. गुळगुळीत टाइल्सवर ती धावत सुटायची, वळणावर मागचा भाग घसरून भिंतीला लागायचा, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ती गोळा उचलायची. मान ताठ, शेपूट उभी, गोळा पुढच्या दातांत, आणि चाल एखाद्या इनामदारीणबाईंची.

खरी अडचण इथून पुढे आहे. कुत्रा वस्तू आणून पायाशी टाकतो. मांजर ती हात पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवते, तिच्या पलीकडे बसते आणि पाठ करून पंजा चाटायला लागते. आपण उठून घ्यायला गेलो की ती वस्तू उचलून पळते, आणि मग खेळ बदलतो : आता पळायचं आपण. म्हणून उठायचं नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचं, शिजवलेल्या कोंबडीचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा हातात ठेवायचा आणि गप्प राहायचं. तुकड्याचा वास लागून तिनं तोंड उघडलं, गोळा पडला, की टिक आणि तुकडा. आधी कुठेही पडला तरी टिक. मग अर्ध्या बोळाच्या अलीकडे पडला तरच टिक. मग चटईवर पडला तरच. शेवटी मांडीजवळ. आणखी एक युक्ती म्हणजे सारखेच दोन गोळे ठेवायचे. पहिला तिच्या तोंडात असताना दुसरा दाखवला की पहिला आपोआप सुटतो. तोंडातली वस्तू ओढून काढायची नाही, रागवायचं नाही, नावानं हाका मारायच्या नाहीत. याला शिकवणं म्हणायचं की वाटाघाटी, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आजी पायरीवर बसून हे पाहायच्या. टिक-टिकीचं त्यांना हसू यायचं. एकदा सुकटीनं गोळा आणून बऱ्यापैकी जवळ टाकला, पण वहीतल्या त्या दिवसाच्या खुणेपर्यंत तो आला नव्हता. मी पेन वाजवलं नाही, हात पुढे केला नाही. सुकट बसून राहिली. मीही बसून राहिलो. आजींना राहवेना. "आनलंय त घे ना मुकाट," त्या म्हणाल्या, "काय परीक्षा घेतंस तिची?"

एप्रिलचा पगार आला नाही. मे महिन्याचाही आला नाही. गावाकडे पाठवायचे पैसे होते ते साठवणीतून पाठवले, त्यानंतर भाड्याला उरलं नाही. मी खाली जाऊन आजींना सांगितलं. वडिलांच्या शिकवणीतल्या माणसाला ही दोन वाक्यं बोलायला किती जड जातात ते ज्यानं ती बोलली आहेत त्यालाच कळेल. पुढच्या महिन्यात व्याजासकट देतो असंही म्हणालो. आजी कोलंबी सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?"

त्या दिवसापासून वाटी रोज वर येऊ लागली. तांदळाची भाकरी, कधी चिंबोरीचा रस्सा, कधी नुसती सुकी मासळी आणि भात. आणि मी वाटी घासून रिकामी परत देऊ लागलो, कारण तिच्यात घालायला काही नव्हतं. पहिल्या दिवशी ती रिकामी वाटी घेऊन जिना उतरताना मी मधल्या पायरीवर थांबलो होतो. आजींनी ती हातातून घेतली, उपडी करून फळीवर ठेवली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

इकडे शिकवणीची पंचाईत झाली. कोंबडी आणायला पैसे नव्हते आणि आजींच्या ताटातली मासळी मांजराच्या शिक्षणावर खर्च करणं मला प्रशस्त वाटेना. खाऊ बंद झाला. शास्त्राप्रमाणे आता सुकटीनंही हळूहळू काम बंद करायला हवं होतं. फळ नाही तर कृती गळते. मी वहीत तारीख टाकून ठेवली आणि वाट पाहिली. ती येतच राहिली. दिवेलागणीला गोळा घेऊन हजर, मांडीजवळ टाकायची, दोन पावलं मागे सरकून कान उभे करून बसायची. पेन वाजवलं नाही तरी चालायचं. तुकड्यासाठी हात हुंगायचंही तिनं सोडलं. फेका, एवढंच तिचं म्हणणं.

मग माझ्या लक्षात आलं की ती पहिल्या रात्री कुठल्या तुकड्यासाठी जिना चढून आली नव्हती. खाऊ मधे आणला तो मी. माझ्या वहीत देणं आणि घेणं असे दोनच रकाने होते, तेच मी तिच्यावर लावले होते. तिला पाठलाग हवा होता, आणि पाठलागाला समोर फेकणारा लागतो.

पुढे यावर झालेलं संशोधन वाचलं तेव्हा आजींना वाचून दाखवलं. ससेक्स आणि नॉर्थम्ब्रिया या विद्यापीठांतल्या संशोधकांनी वस्तू आणून देणाऱ्या मांजरांच्या मालकांना प्रश्न विचारले आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये निष्कर्ष छापले. 924 मालक, 1154 मांजरं, त्यातली बहुसंख्य साधी, बिनजातीची. यातल्या 94.4 टक्के मांजरांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. बहुतेकींनी हा खेळ एक वर्षाच्या आतच आपला आपण सुरू केला होता, तोही कुठल्यातरी भलत्याच वस्तूवरून. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी संपवायचा हे मुख्यतः मांजरच ठरवतं, असंही त्यात आहे. त्याच्या पुढच्या वर्षी 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात मांजरांपैकी 40.9 टक्के आणि कुत्र्यांपैकी 77.8 टक्के फेकलेली वस्तू कधी ना कधी आणून देतात असं आढळलं. ही सगळी माहिती मालकांनीच भरून दिलेली आहे, आणि आपल्या मांजराबद्दल खरं बोलणारा मालक मला अजून भेटायचा आहे, हे धरूनही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. आजी सगळं ऐकून म्हणाल्या, "यांना कुनी पैशे दिले इचारायला?"

कुत्र्याचं समजू शकतो. शिकार उचलून आणणारे कुत्रे माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले. मांजराला असं कामाला कुणी जुंपलं नाही. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं आणि राहिलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. त्या बेटावर मूळची रानमांजरं नव्हती, म्हणजे ते कुणीतरी होडीत घालून नेलं असलं पाहिजे. ते बसलं असेल होडीत मुकाट्यानं असं मला वाटत नाही.

मग आणून देण्याची ही खोड आली कुठून? मांजरीण पिल्लांसाठी शिकार आणते. आधी मेलेली, मग अर्धमेली, मग जिवंत. पिल्लांनी त्यातून शिकायचं असतं. मांजरानं भक्ष्य धरलं की ते आपल्या सुरक्षित ठिकाणी घेऊन येतं, हीही सवय आहेच. पाहणं, दबा धरणं, धावणं, झडप, पकडणं आणि घेऊन येणं, या साखळीची शेवटची कडी ज्या मांजरांत बळकट असते ती गोळा घेऊन येतात. मालकाला शिकार येत नाही म्हणून मांजर त्याला शिकवतं असं काही लोक म्हणतात. त्याला पुरावा नाही. माझ्या बाबतीत मात्र मला ते पटतं.

2020 च्याच पावसाळ्यात जिन्यामागे खोकलीची रोपं उगवली. दमा-खोकल्यावर वापरतात ती वनस्पती. आजी तण उपटत होत्या. एक रोप मुळासकट बाजूला पडलं आणि सुकट त्यावर तुटून पडली. मुळाला गाल घासते काय, लोळते काय, चारी पाय वर करून मूळ कवटाळते काय. परदेशात मांजरांना कॅटनिप देतात त्यानं जे होतं तेच आपल्याकडे खोकलीच्या मुळानं होतं. आजी कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "दारू पिली ही," त्यांनी निकाल दिला. त्या संध्याकाळी गोळ्याला सुट्टी मिळाली.

कारखाना सुरू झाला, पगारही सुरळीत झाले. थकलेलं भाडं मी तीन हप्त्यांत दिलं. शेवटचा हप्ता द्यायला गेलो तेव्हा आजींनी नोटा जिभेला बोट लावून मोजल्या. घेणार नाहीत की काय अशी मला भीती होती, पण त्यांनी घेतल्या. भाडं ते भाडं. मग त्यातली शंभराची एक नोट काढून माझ्या हातावर ठेवली. "सुकटीच्या मासलीला." आणि व्याज? व्याजाचं नाव काढलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. त्या महिन्यांतल्या भाकऱ्यांचा हिशेब मी मांडायला घेतला होता, तो तसाच सोडून दिला. वहीचं ते पान अजून कोरं आहे.

2022 मध्ये लग्न झालं आणि मी डोंबिवलीला राहायला गेलो. सुकट कुणाची, हा प्रश्न निघाला नाही. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं म्हणतात, त्या न्यायानं ती आजींकडे राहिली. पुढे ते घरही पाडलं गेलं. त्या जागी चार मजली इमारत झाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आजी राहतात. मुलगाही तिथेच राहायला आला आहे, म्हणजे शेवटी आई त्याच्याकडे गेली नाही, तोच आईकडे आला. सुकट नव्या घरात महिनाभर पलंगाखालून बाहेर आली नव्हती. आता गॅलरीत बसते. मी तळवलीला जातो तेव्हा मांदेली घेऊन जातो आणि आजींच्या हातचं जेवून, काहीही परत न देता, सरळ निघून येतो. हे अजून सहज जमत नाही. पण जमतं.

वाचकांना एक विनंती. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत तळवली, गोठिवली, घणसोलीच्या गल्ल्यांत आणि तुमच्याही जिन्याखाली पिल्लं दिसतील. पर्शियन मांजर विकत घेण्याआधी एकदा तिकडे पाहा. आई जवळ असेल तर दोन महिने पूर्ण होईपर्यंत पिल्लू तिच्यापासून तोडू नका. रेबीजसकट सगळ्या लशी वेळेवर टोचून घ्या आणि पाच-सहा महिन्यांत डॉक्टरांना विचारून नसबंदी करा. तो खर्च आधीच धरून ठेवा. खेळायला काहीही द्या, पण दोरा, लोकर आणि केसांचे रबर देऊ नका. ते गिळले जातात, आतड्यात अडकतात आणि मग ऑपरेशनशिवाय निघत नाहीत.